चौघींचा एक विग

माझ्या आईला सगळं गाव मग्दाली म्हणायचं, बायबलातल्या त्या पापी बाईवरून. तोंडावर नाही. तोंडावर ती 'लाँड्रीवाल्या बाई' होती. पण कपड्यांचा गठ्ठा घेऊन गिऱ्हाईक कोपऱ्यावरून वळलं की लगेच मग्दाली. शाळेत मुली मला नुसतं 'मग्दालीची' म्हणायच्या आणि पुढचा शब्द ओठात दाबून हसायच्या. त्यातल्या एकीचं नाक मी पाटीनं फोडलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आता आई नाही, आणि जिच्यासाठी तोंड बंद ठेवायचं होतं तीही नाही. म्हणून लिहिते आहे. ती गोष्ट मला कळली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, आज साठी जवळ आली, तरी ती दुपार कालच्यासारखी आठवते. लोक म्हणतात धक्का काळानं ओसरतो. माझा तरी ओसरलेला नाही.

आमची लाँड्री चर्चच्या मागच्या गल्लीत होती. पुढची खोली दुकान. तिच्यात भिंतीपर्यंत जाणारं लांब टेबल, त्यावर घोंगडी आणि वरून पांढरी चादर ताणून बांधलेली. मागच्या खोलीत आम्ही दोघी राहायचो, आणि त्यामागे दोन सिमेंटचे हौद. घरभर खळीचा आणि गरम कापडाचा वास असायचा. तो वास माझ्या केसांतही होता, आणि शाळेत त्यावरूनही ऐकून घ्यावं लागायचं.

आईची एक पद्धत होती. प्रत्येक घराच्या कपड्यांना ती एका रंगाच्या धाग्याचे दोन टाके घालायची, कॉलरच्या आत किंवा चादरीच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाहीत असे. बेकरीवाल्यांचा पिवळा, दातांच्या डॉक्टरांचा हिरवा, चर्चचा जांभळा. आमचा स्वतःचा लाल. गावात पांढऱ्या चादरी शेकड्यानं, सगळ्या सारख्या दिसणाऱ्या, पण तिनं एकाचा साधा रुमालसुद्धा कधी दुसऱ्याच्या गठ्ठ्यात जाऊ दिला नाही. "कापडाला तोंड नसतं," म्हणायची, "त्याला सांगता येत नाही मी कुणाचं. आपण सांगायचं असतं."

चर्चच्या वेदीवरची कापडं तिच्याकडेच यायची. त्यांवर मेणबत्तीचं मेण सांडलेलं असायचं. खाली टीपकागद, वर टीपकागद आणि मधून कोमट इस्त्री फिरवली की मेण कागदात उतरायचं. गावातल्या भल्या बायका त्या स्वच्छ कापडांसमोर डोळे मिटून गुडघे टेकायच्या, आणि बाहेर आल्यावर ती धुणाऱ्या बाईबद्दल नाकं मुरडायच्या. दोन्ही कामं एकाच सकाळी उरकायची त्यांना सवय होती.

आई या गावात आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. हातात एक ट्रंक आणि छातीशी अकरा दिवसांची मी. कुणी विचारलं नवरा कुठे, तर उत्तर नाही. कुणी विचारलं पोर कुणाची, तर दोनच शब्द, "पोर माझी." मग काय, गावानं उरलेली गोष्ट स्वतःच रचली. उचलली जीभ लावली टाळ्याला.

नातेवाईक म्हणून एकच, आईची धाकटी बहीण, माझी मावशी. ती लांबच्या शहरात राहायची. नवरा मोठा साहेब, तीन मुलगे. वर्षातून एकदा एकटीच यायची, बिस्किटांचा डबा घेऊन. खुर्चीच्या काठावर बसायची आणि माझ्याकडे बघत राहायची. हनुवटी धरून माझा चेहरा वर करायची, आणि लगेच तिचे डोळे भरून यायचे. मला ते अजिबात आवडायचं नाही. बिस्किटं घेऊन मी मागच्या खोलीत पळायचे.

आता त्या नाटकाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यातूनच झालं. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये वर्षातून एकदा क्रुसाचं नाटक व्हायचं. लिहिलं होतं निवृत्त मास्तरांनी. येशूचं काम बस कंडक्टर करायचा, कारण गावात दाढी तेवढी त्यालाच शोभायची. येशूच्या आईचं काम वीस वर्षं बेकरीवाल्या काकूंकडे. त्या कामासाठी बायकांची रांग असायची. पण केस मोकळे सोडून आलेल्या पापी बाईचं काम म्हटलं की एकजात सगळ्यांचे गुडघे दुखायला लागायचे.

मास्तरांकडे तयार होणारी बाई नव्हती, आणि लांब केसांचा विगही एकच होता. त्यांनी व्यवहार पाहिला. दगड मारायला आणलेली बाई, अश्रूंनी पाय भिजवून केसांनी पुसणारी बाई, महागडं अत्तर ओतणारी बाई आणि क्रुसापाशी उभी राहून तिसऱ्या दिवशी थडग्याकडे जाणारी मरीया मग्दालीया, अशा सगळ्यांची त्यांनी एकच बाई केली. पहिल्या अंकात तिनं पाप करायचं, दुसऱ्यात रडायचं, तिसऱ्यात जिवंत झालेला प्रभू बघायचा. विग एकदा चढवला की शेवटपर्यंत उतरवायला नको.

मग ते माझ्या आईकडे आले. मी चार वर्षांची असेन. ते काय म्हणाले ते आईनंच मला नंतर हसत हसत सांगितलं होतं. "बाई," ते म्हणाले, "तुम्हाला काय फरक पडतो?"

आईनं तो विग हातात घेतला, वास घेतला आणि आधी धुवायला टाकला.

त्यानंतर सत्तावीस वर्षं ते काम तिनं केलं. लोक सांगायचे की पाय पुसण्याच्या प्रवेशात ती खरंच रडायची, घळाघळा. कंडक्टरचे पाय वर्षातून तेवढ्याच दिवशी इतके स्वच्छ व्हायचे, कारण घंगाळात ती चिमूटभर साबणाचा चुरा टाकायची. त्या सत्तावीस वर्षांत मी स्वतः नाटक एकदाही पाहिलं नाही. त्या संध्याकाळी मी दुकानाचं दार लावून आत बसायचे. सगळ्या गावासमोर आपली आई 'मी पापी आहे' म्हणून जमिनीवर लोळते, आणि ते बघायला आपण पहिल्या रांगेत बसायचं? मी नाही.

सव्विसाव्या वर्षी माझं लग्न ठरत आलं होतं. औषधाच्या दुकानवाल्यांचा मुलगा, मलाही आवडलेला. त्याची आई येऊन चहा पिऊन गेली आणि शेजारणीकडे म्हणाली, "नुसती नाटकातली मग्दाली असती तर चाललं असतं हो." संपलं. त्या दिवशी मी आईला जे बोलले ते लिहिताना आज हात थांबतो, पण लिहिते. मी म्हटलं, "गावाचे डाग काढतेस. तुझ्या पापाचा माझ्यावर पडलेला डाग काढायची काही युक्ती आहे का तुझ्याकडे?" हातातली चादर तिनं चार पदरी केली, मग आठ पदरी, आणि फडताळात ठेवली.

मग नवे फादर आले. जाड भिंगांचा चष्मा, तरुण, नुकतेच पुष्कळ शिकून आलेले. नाटकाच्या आधी त्यांनी संहिता वाचायला मागितली. बाड गेलं. आणि पुढच्या रविवारी ते बाड हातात घेऊनच ते प्रवचनाला उभे राहिले.

"या नाटकात एक बाई आहे," ते म्हणाले. "खरं तर त्या चार आहेत."

चर्चमध्ये कुणीतरी खोकलं. फादर शांतपणे एकेक सांगत गेले. दगड मारायला आणलेल्या बाईचं नाव शास्त्रात नाही. पाय पुसणाऱ्या पापी बाईचंही नाव नाही. अत्तर ओतणारी दुसऱ्या गावची, दोन भावंडांची बहीण. आणि मरीया मग्दालीया? तिच्यातून सात भुतं निघाली एवढंच लिहिलं आहे, म्हणजे ती आजारी होती म्हणा. ती बरी झाली, स्वतःच्या पदरचं खर्चून प्रभूच्या मागे फिरली, पुरुष पळाले तेव्हा क्रुसापाशी उभी राहिली, आणि पहिली बातमी तिनंच आणली. "ती वेश्या होती, पापी होती, असं कुठेही, एकाही ठिकाणी लिहिलेलं नाही," फादर म्हणाले. "ही चूक आपल्या मास्तरांची नाही. चौदाशे वर्षांपूर्वी एका मोठ्या धर्मगुरूनं एका प्रवचनात या बायका एक केल्या, आणि रोमच्या चर्चला मानणाऱ्या आपण सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. पूर्वेकडच्या चर्चनी त्यांना कधीच एक मानलं नव्हतं. अत्तरवालीबद्दल विद्वान अजून भांडतात. पण मग्दालियेवर दुसरीचं पाप चिकटवलं गेलं, हे नक्की."

लोक आ वासून बघत राहिले. मास्तर तर असे बसले होते जणू त्यांच्याच घरी चोरी झाली आणि चोरही तेच निघाले. बेकरीवाल्या काकूंनी दोनदा कानातली फुलं चाचपली. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? मला हसू फुटलं. चौदाशे वर्षं! चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही चौदाशे वर्षं! मी आईकडे वळून बघितलं.

तिचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा झाला होता. गाणं सुरू झालं, सगळे उठले. ती उठली नाही. मी तिचा दंड धरला तर हात बर्फासारखा गार.

त्याच दुपारी तिनं वेदीचं कापड जाळलं. इस्त्री कापडावर ठेवून ती नुसती उभी होती. मला वास आला म्हणून मी धावत बाहेर आले तर धूर निघतोय आणि ती तिथेच, बघतेय पण बघत नाहीये. एकतीस वर्षांत तिच्या हातून एक धागा करपला नव्हता. मी इस्त्री उचलली. कापडाच्या मधोमध होडीच्या आकाराचं काळं भोक.

"आई, बरं नाही का तुला?"

"सोडवायच्या आधी तिला कुणी विचारलं का?" आई म्हणाली.

"कुणाला?"

तिनं भोक पडलेलं कापड गुंडाळलं आणि आत गेली.

बुधवारी नाटक समितीची बैठक झाली. मला वाटलं होतं निदान लाज वाटेल लोकांना. कसली लाज! मग्दालीया पापी नाही म्हटल्याबरोबर सगळ्यांचे गुडघे एकदम बरे झाले. प्रभूला सगळ्यांत आधी भेटलेली बाई म्हणजे केवढा मान! समितीच्या अध्यक्षा बेकरीवाल्या काकूच. त्यांनी जाहीर केलं की आता हे काम चांगल्या घरातल्या मुलीनं करायला हवं, आणि चांगलं घर शोधायला त्या फार लांब गेल्या नाहीत. काम त्यांच्या सुनेला. आयत्या बिळावर नागोबा. आणि मग मधाचं बोट लावल्यासारख्या आवाजात त्या आईला म्हणाल्या, "पापी बाईचं काम वेगळं काढलंय हो तुमच्यासाठी. पाय पुसायचं. तेवढं तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे सत्तावीस वर्षं चौघींचं ओझं हिनं वाहिलं, आता त्यातली इज्जत निवडून काढली आणि उरलेलं पाप हिच्या हातात दिलं. मी उठणार तोच आई म्हणाली, "बरं." आणि निघाली.

घरी आल्यावर मी फुटले. दुपारचे चार वाजले असतील. दारावरची फळी मी धाडकन लावली आणि जे तोंडाला येईल ते बोलत सुटले. "बरं म्हणालीस? तुला काहीच वाटत नाही? त्या मरीयेची सुटका झाली, तुझी कधी होणार? की तुला आवडतं ते पाप अंगावर मिरवायला?"

आईनं इस्त्री तापत ठेवली. कंडक्टरचा पांढरा सदरा टेबलावर पसरला. पाणी शिंपडलं.

"त्या बाईचं नाव लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"कुठल्या बाईचं?"

"पाय पुसणाऱ्या. फादर म्हणाले ना. शास्त्रात नाव नाही तिचं. का नसेल?"

"माहीत नसेल कुणाला!"

"गावातल्या पापी बाईचं नाव गावाला माहीत नाही असं कधी झालंय का?" आई हसली. "सगळ्यांना माहीत असणार. कुणीतरी झाकलं ते. मला वाटतं मग्दालीनं झाकलं. लोक म्हणाले असतील, तूच ना ती? ती म्हणाली असेल, हो बाबा, मीच. त्या दुसरीचं लग्न ठरलं असेल. पुढे मुलंबाळं झाली असतील."

"हे कुठल्या शास्त्रात आहे?"

"कुठल्याच नाही. पण मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. हे मला नीट आठवतं, की बोलण्याआधी तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

"मी केलंय ते," ती म्हणाली.

मला काहीच कळलं नाही. ती ट्रंकेपाशी गेली. तळातून एक फडकं काढलं, पिवळं पडलेलं, तान्ह्या मुलाला गुंडाळतात तसलं. कोपऱ्यात लाल धाग्याचे दोन टाके.

"मी तेव्हा इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होते. बाळ तिथेच झालं. माझ्या बहिणीला. एकोणीस वर्षांची होती, लग्न ठरलं होतं, दुसऱ्याशी. घरच्यांनी अनाथाश्रमाचा कागद भरून आणला. बाराव्या दिवशी न्यायचं ठरलं होतं. मी अकराव्या दिवशी बसमध्ये बसले. टाके बसमध्येच घातले. सुईदोरा खिशात असायचाच."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी सरकली नाही. उलट मी जमिनीवरच बसले, धुवायला आलेल्या कपड्यांच्या ढिगावर, आणि ती बिस्किटांच्या डब्यांची रांग माझ्या डोळ्यांसमोर आली. तीस डबे. ती हनुवटीखालची बोटं. जिला बघून मी पळायचे ती. आणि जिच्याकडे पळून यायचे ती...

"म्हणजे तू माझी..." माझी बोबडी वळली.

"मावशी," आई म्हणाली.

इतका साधा शब्द, आणि कुणी थोबाडीत मारावी तसा लागला.

"तू... तू पाप असं काहीच केलं नाहीस?"

"सवड कुठे होती?" ती म्हणाली. "अकरा दिवसांचं पोर, परकं गाव, दुकान उभं करायचं."

मी हसले का रडले, माहीत नाही. कसला तरी आवाज आला माझ्यातून. मी ओरडले, "मग सांगायचं ना! बहिणीची आहे म्हणायचं! चांगलं झालं असतं, पुण्यवान म्हणाले असते तुला!"

"आईकडून पोर कुणी मागून घेत नाही," ती म्हणाली. "मावशीकडून घेतात. मी बहिणीची म्हटलं असतं तर चौकशी झाली असती. तिचं लग्न मोडलं असतं आणि तू आश्रमात गेली असतीस. माझी म्हटल्यावर प्रश्नच मिटला. लोक थुंकतात, पण पोर हिसकावून घेत नाहीत."

"आणि नाटकात रडायचीस ते?"

"तुझ्या आईच्या वाटचं. तिला बिचारीला रडायला जागाच नाही कुठे."

तुझ्या आईच्या, ती म्हणाली. माझ्या आईच्या तोंडून तो शब्द दुसऱ्या कुणासाठी आला. मला तो इतका झोंबला की मी तिच्यावरच उखडले. "एकतीस वर्षं! मला तरी सांगायचंस! मी तुला काय काय बोलले, डाग म्हणाले, आणि तू चादरीच्या घड्या घालत राहिलीस? का नाही सांगितलंस मला?"

आईनं इस्त्री पुन्हा उचलली. बोटाला थुंकी लावून तापलीय का बघितलं.

"सांगितलं असतं तर तू मला मावशी म्हणाली असतीस," ती म्हणाली.

मी तेव्हा गावातल्या शाळेत शिकवायचे, पण ते चार दिवस मुलांना काय शिकवलं मला आठवत नाही. एकच डोक्यात होतं, की हे आता सगळ्यांना सांगायचं. औषधवाल्या बाईला, बेकरीवालीला, मास्तरांना. भर चर्चमध्ये सांगायचं. त्या साहेबाचं आणि त्याच्या तीन मुलग्यांचं काय व्हायचं ते होवो. आईला मी हे बोललेही. ती म्हणाली, "तिनं काय वाईट केलंय तुझं?" मी म्हटलं, "तुझं केलंय." तिची चोविसाव्या वर्षी गेलेली इज्जत परत आणायची मला इतकी घाई झाली होती की त्याची किंमत काय, हे मला दिसलंच नव्हतं. ती आई नाही हे सिद्ध केल्याशिवाय ती निर्दोष ठरत नव्हती.

रविवारी प्रार्थना संपल्यावर फादरांनी कामांची नवी यादी वाचली. सगळे जागेवर होते. बेकरीवाल्यांची सून आतापासूनच नम्रतेनं मान खाली घालून बसली होती. यादी संपवून फादर म्हणाले, "आपण एका बाईवर फार दिवस अन्याय केला. खरं कळल्यावर गप्प बसणं हेही खोटंच. कुणाला काही बोलायचं असेल तर बोला."

मी उठले. "मला बोलायचंय. माझ्या आईबद्दल तुम्ही एकतीस वर्षं जे बोलत आलात..."

शंभर माना वळल्या. बेकरीवाल्या काकूंचा हात कानातल्या फुलाकडे गेला. पुढचं वाक्य मी घोकून आणलं होतं. ते वाक्य होतं, 'ती माझी आई नाही.'

"बस खाली," मागून आवाज आला.

आई उठून उभी राहिली होती. नेहमीची राखाडी साधी शाल, हाताला खळीच्या भेगा. त्या चर्चमध्ये तिला मोठ्यानं बोलताना कुणीही ऐकलं नव्हतं, नाटक सोडून.

"हिला राग येतो माझ्यासाठी," ती म्हणाली. "लेकीला यायचाच. पण फादर, तिला काही माहीत नाही. त्या मरीयेचं तुम्ही सांगितलंत ते बरोबर असेल. तिच्यावर दुसरीचं पाप आलं. माझ्यावर कुणाचं आलेलं नाही. पोर माझी आहे आणि पाप माझं आहे. दोन्ही मी एकाच दिवशी या गावात घेऊन आले. एक ठेवून दुसरं परत करता येत नाही."

फादरांनी चष्मा काढला आणि तो पुसायचंही विसरले. पाप आहे असं कुजबुजणं वेगळं आणि एका बाईनं ते भर सभेत, ताठ मानेनं, सातबारा वाचावा तसं वाचून दाखवणं वेगळं. औषधवाल्या बाईनं मान खाली घातली. आणि मी? मी उभीच होते. माझं तोंड उघडं होतं आणि घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. एवढ्या लोकांसमोर आई खोटं बोलत होती, देवाच्या घरात, जिचं कापड ती धूत होती त्या वेदीसमोर. मला आई उरावी म्हणून. तिच्या डोळ्यांत मी त्या दिवशी पहिल्यांदा भीती बघितली. गावाची नव्हे. माझी.

मी खाली बसले.

"पाय पुसायचं काम द्या," आई काकूंना म्हणाली. "ते मला येतं. विग तुमच्या सुनेला घेऊन जा, धुऊन ठेवलाय."

त्या वर्षी मी पहिल्यांदा नाटकाला गेले. पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर. शेजारी एक परगावची बाई होती, हातात कामांची छापील यादी. पडदा सरकला. आई आली. विग नव्हता, म्हणून तिनं आपलेच केस सोडले होते. पांढरे, विरळ, जेमतेम खांद्यापर्यंत. पाय पुसायला ते पुरेनात म्हणून तिला पार जमिनीपर्यंत वाकावं लागलं. ती रडत होती. कुणासाठी ते आता मला माहीत होतं, आणि त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

शेजारच्या बाईनं यादीवरून बोट फिरवलं. "बाकी सगळ्यांची नावं आहेत," ती माझ्या कानाशी लागली. "हिचं नाहीच लिहिलेलं. कोण हो ही?"

"माझी आई," मी म्हटलं.

हळूच म्हणायचं होतं. पण ते इतक्या मोठ्यानं निघालं की सगळा हॉल दचकला आणि कंडक्टरनं घाबरून पाय मागे घेतला. आईनं वर बघितलं नाही. घोट्याला धरून तिनं तो पाय पुन्हा पुढे ओढला आणि पुसत राहिली.